आजीचं माहेरचं आडनाव

विल्फ्रिड लॉरिए १८९६ ते १९११ या काळात कॅनडाचे पंतप्रधान होते. तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा अनेक दशकं छापला गेला. पण फ्रान्सहून सतराव्या शतकात आलेल्या त्यांच्या मूळपुरुषाचं आडनाव लॉरिए नव्हतं. तो होता फ्रांस्वा कोतिनो दी शांलॉरिए. पुढच्या पिढ्यांत ‘कोतिनो’ गळालं, मग ‘शां’ही झडलं.

मराठी कागदांत ‘ऊर्फ’ जे काम करतं, तेच कॅनडातल्या फ्रेंच भाषिक क्वेबेकच्या दप्तरांत हा ‘दी’ करतो. बऱ्याच ऊर्फनावांचा उगम फौजेत आहे. १६६५ साली तिथल्या इरोक्वा या मूलनिवासी लोकांशी लढायला फ्रान्सच्या राजानं कारिन्यां-सालिएर पलटण धाडली. बाराशेच्या आसपास शिपाई आले आणि मोहीम संपल्यावर सुमारे चारशे तिथंच शेतकरी झाले. पलटणीतली टोपणनावंही त्यांच्याबरोबर गावात आली: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत, लालिबेर्ते म्हणजे स्वातंत्र्य. कुणाला ऊर्फनाव शेतावरून पडलं, कुणाला फ्रान्समधल्या गावावरून.

आपलं कूळ शोधणारा चकतो तो इथंच. पिएर ह्यूदों दी बोल्यो याचे काही वंशज आज ह्यूदों आहेत, काही बोल्यो. कूळ मात्र एकच. उलट दोन लाफ्लर घराण्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो.

मग धागा धरायचा कशाचा? चर्चच्या वह्यांचा, आणि त्यातही बायकांच्या नावांचा. लग्नाची नोंद उघडली की वराचे आईवडील, वधूचे आईवडील, त्यांचं गाव, साक्षीदार असं सगळं ओळीनं सापडतं. दोघांच्या आयांची नावं माहेरच्या आडनावानिशी असतात. वधू विधवा असेल तर आधीच्या नवऱ्याचं नाव येतं. शेवटी पाद्र्याची सही, आणि जोडप्याला लिहिता येत नसेल तर तसा स्पष्ट शेरा. बाई वारली तरी दफनाच्या नोंदीत बहुधा तिचं जन्माचं आडनावच राहतं. नवऱ्याचं आडनाव पिढीगणिक बदललं, तरी सासू-सुनांच्या माहेरच्या नावांवरून घराणं ओळखू येतं.

या वह्या जपण्याची चिकाटी नवल वाटावी अशी आहे. १६४० च्या जूनमध्ये क्वेबेकचं चर्च जळालं, वह्याही जळाल्या. तेव्हा पाद्र्यांनी जुन्या नोंदी लोकांच्या आठवणींतून पुन्हा लिहून काढल्या. पुढं सिप्रियां तांगे या पाद्र्यानं गावोगावच्या वह्या धुंडाळून १८७१ ते १८९० दरम्यान फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबांचा सात खंडी वंशावळ-कोश छापला.

अमेरिकेतल्या शाखा शोधणं याहून अवघड. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे नऊ लाख माणसं क्वेबेक सोडून अमेरिकेत गेली, त्यातली पुष्कळशी न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथं ब्वाव्हेरचे, म्हणजे ‘हिरव्या रानाचे’, ग्रीनवूड झाले आणि र्‍वाचे किंग. अशा घरातल्या माणसानं नुसत्या आडनावावर विसंबू नये. आधी आजी-पणजीचं माहेरचं आडनाव विचारून लिहून ठेवावं आणि मग तिच्या लग्नाची नोंद गाठावी.

वह्यांत माहेरचं आडनाव राहिलं, तरी समाजात नवऱ्याचं नाव लावायची रीत क्वेबेकमध्येही बराच काळ चालली. २ एप्रिल १९८१ पासून तिथल्या कायद्यानुसार लग्नानंतरही बाईचं जन्माचं आडनावच कायम राहतं.