एका शर्यतीचे वाटेकरी

आपल्याकडे कित्येक देवस्थानांत पूजेच्या पाळ्या असतात. देव एक, पण भाऊबंदांची घरे दोन. यंदा या घराची पाळी, पुढल्या वर्षी त्या घराची. त्याने भांडण मिटते असे नव्हे, पण एक वर्ष पुढे ढकलता येते! ब्रिटिश ग्रां प्री या मोटारशर्यतीसाठी इंग्लंडने 1955 पासून 1986 पर्यंत बहुतेक हीच तोड चालवली.

यातले थोरले घर सिल्व्हरस्टोनचे. हा मूळचा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी विमानतळ. युद्ध संपले, विमाने गेली, आणि 1948 साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तिथे शर्यत भरवली. कडेला गवताच्या पेंढ्या आणि रिकामी पिंपे, एवढाच काय तो बंदोबस्त. 13 मे 1950 रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत इथेच झाली, आणि ती पाहायला राजे सहावे जॉर्ज जातीने आले होते.

मग प्रतिस्पर्धी कुठून आला? चक्क घोड्यांच्या मैदानातून. लिव्हरपूलजवळच्या एनट्रीला ग्रँड नॅशनल ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत होते. त्या मैदानाचा कारभार मिराबेल टॉपहॅम या खमक्या बाईंच्या हाती होता. प्रेक्षकांच्या गॅलऱ्या तयारच आहेत, मग वर्षभर रिकाम्या का ठेवायच्या? त्यांनी 1954 मध्ये तिथे तीन मैलांचा मोटारमार्ग बांधला, आणि लगेच 1955 ची राष्ट्रीय शर्यत मिळवली. पुढे विषम वर्षी एनट्री, सम वर्षी सिल्व्हरस्टोन, असा क्रम पडला. 1957 ची गंमत ऐका. स्टर्लिंग मॉसची गाडी बिघडली, तेव्हा त्याच्याच संघातल्या टोनी ब्रुक्सची व्हॅनवॉल गाडी त्याने मध्येच हाती घेतली, आणि शर्यत जिंकली. अजिंक्यपदाच्या ग्रां प्रीत ब्रिटिश गाडीचा हा पहिला विजय. म्हणजे गाडीतसुद्धा पाळीच!

1962 नंतर एनट्रीचा वाटा सुटला, आणि 1964 पासून तो केंट परगण्यातल्या ब्रँड्स हॅचकडे आला. आता सम वर्षे त्याची, विषम सिल्व्हरस्टोनची. दोन्ही जागांचे स्वभाव अगदी निराळे. सिल्व्हरस्टोन सपाट, मोकळे, वाऱ्यावरचे आणि वेगाचे. ब्रँड्स हॅच म्हणजे खोलगट द्रोण, चढउतारांचा आणि मागे रानात शिरणारा. उतारावर बसलेल्या माणसाला खालचा पुष्कळसा मार्ग दिसे. आणि त्याचा आवाजही खाली पोहोचे, हे 1976 साली कळले. पहिल्याच वळणावर दोन फेरारी गाड्या एकमेकींना लागल्या, त्या गोंधळात जेम्स हंटची गाडी मोडली, आणि शर्यत थांबवावी लागली. हंटला पुन्हा सोडायचे की नाही, यावर पंचांचा खल सुरू झाला. तेवढ्यात लोकांनी असा काही गिल्ला केला की विचारू नका! इकडे गाडीची दुरुस्तीही उरकली. हंट धावला आणि जिंकलाही. दोन महिन्यांनी वरिष्ठांनी त्याला बाद ठरवून विजय निकी लाउडाला दिला, ती गोष्ट वेगळी.

मला वाटते, या वाटणीने इंग्लंडला एकाच शर्यतीत दोन शर्यती मिळाल्या. पण हिशेब अवघड होता. मार्गाची डागडुजी दरवर्षीची, मोठी गर्दी मात्र वर्षाआड. खर्च बेताचा होता तोवर हे निभले. गाड्या भयंकर वेगवान झाल्या, तशी वळणाबाहेर मोकळी जागा हवी झाली. सिल्व्हरस्टोनकडे ती मुबलक होती. ब्रँड्स हॅचला मात्र रान आणि टेकड्या आड येत. त्यातच जागतिक संघटनेने धोरण धरले, की एका देशाची शर्यत दीर्घ कराराने एकाच जागी व्हावी. 1986 ची शर्यत ब्रँड्स हॅचची शेवटची. सुरुवातीच्याच अपघातात जाक लाफीतचे पाय मोडले, आणि त्याची ग्रां प्रीतली कारकीर्द तिथेच संपली.

1987 पासून शर्यत सिल्व्हरस्टोनची झाली. ब्रँड्स हॅचने तरी आशा सोडली नव्हती. 2002 पासून शर्यत परत आणण्याचा करार त्याच्या चालकांनी 1999 मध्ये केलाही; पण नव्या बांधकामाची परवानगी वेळेत हाती आली नाही, आणि शर्यत जिथे होती तिथेच राहिली.