बाळाच्या झबल्यावर घरीच नाव लावताय? इस्त्रीने चिकटणाऱ्या व्हिनाइलबद्दल हे माहीत हवं

बारशाच्या आमंत्रणापासून ‘आज मी तीन महिन्यांचा झालो’ या फोटोपर्यंत, बाळाच्या नावाचं झबलं सध्या सोशल मीडियावर सगळीकडे दिसतं. रीलमध्ये हे काम अर्ध्या मिनिटात होतं. नाव कापलं, कपड्यावर ठेवलं, इस्त्री फिरवली, झालं. प्रत्यक्षातही ते फार अवघड नाही. पण मोठ्यांच्या टी-शर्टवरचं अक्षर उखडलं तर टी-शर्ट वाईट दिसतो, इतकंच. बाळाच्या कपड्यावरचं अक्षर उखडलं तर ते थेट तोंडात जातं.

हे व्हिनाइल म्हणजे नेमकं काय?

याचं पूर्ण नाव हीट ट्रान्सफर व्हिनाइल. बाजारात ‘एचटीव्ही’ म्हणूनही मिळतं. त्यात तीन थर असतात: वर पारदर्शक प्लास्टिकची शीट, मध्ये रंगीत पातळ फिल्म आणि खाली उष्णतेने वितळणारा गोंद. फिल्ममधून अक्षरं कापायची, आजूबाजूचा नको असलेला भाग सोलून काढायचा आणि उरलेलं नाव पारदर्शक शीटसह कपड्यावर ठेवून गरम दाब द्यायचा. गोंद धाग्यांमध्ये उतरतो, मग शीट काढून टाकायची. नको असलेला भाग काढण्याला या क्षेत्रात ‘वीडिंग’ म्हणतात, म्हणजे चक्क खुरपणी. वेळही तितकाच लागतो.

बाटल्या-डब्यांवर लावायचं स्टिकर व्हिनाइल वेगळं. ते दिसायला सारखंच असतं, पण कपड्यावर टिकत नाही. ऑनलाइन मागवताना दोन्हींची हमखास गल्लत होते.

पीयू की पीव्हीसी?

बाळासाठी खरा निर्णय इथे आहे. रंगीत फिल्म साधारण दोन प्रकारची असते: पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, किंवा पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करण्यासाठी त्यात इतर रसायनं मिसळावी लागतात. थॅलेट्स हा त्यातलाच एक गट. अमेरिकेच्या २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने खेळण्यांमध्ये आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या झोपण्या-खाण्याशी संबंधित वस्तूंमध्ये ठरावीक थॅलेट्सचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये असं बंधन घातलं. लहान मुलं वस्तू चोखतात, हे त्यामागचं साधं कारण.

पीयू फिल्म सहसा पातळ, मऊ आणि ताणली जाणारी असते, त्यामुळे झबल्यासाठी तीच बरी. पाकिटावर ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ असा शिक्का असेल तर त्याखालचा वर्ग पाहावा. वर्ग १ म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तूंसाठीची सगळ्यात कडक पातळी. सुटं, बिनलेबलचं, उघडताच उग्र वास येणारं व्हिनाइल स्वस्त असलं तरी बाळासाठी नको. चमकी असलेलं ग्लिटर व्हिनाइलही फोटोत छान दिसतं, पण ते जाड आणि खरखरीत असतं, नवजात बाळाला टोचतं.

कापून देणाऱ्या दुकानात लेझर मशीन असेल तर पीव्हीसी त्यावर कापायला सांगू नये. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू निघतो. हे काम पात्याच्या मशीनवरच होतं. दोन-तीन झबलीच करायची असतील तर हजारो रुपयांचं मशीन घेण्याचीही गरज नाही. ठसठशीत अक्षरं साध्या कटरने हाताने कापता येतात.

देवनागरी नावाचा फायदा आणि त्रास

इंग्रजी नावातलं प्रत्येक अक्षर सुटं, म्हणजे उखडू शकणारे तितके तुकडे. देवनागरीत शिरोरेखेमुळे ‘मीरा’ किंवा ‘कबीर’ अख्खं एकाच तुकड्यात कापता येतं. कडा कमी, म्हणून निघण्याच्या जागाही कमी. याबाबतीत आपली लिपी या कामासाठीच बनवल्यासारखी आहे.

अडचण येते अनुस्वाराची. ‘अनंत’ किंवा ‘गंधार’वरचा टिंब हा सगळ्यात लहान, सुटा आणि सगळ्यात आधी निघणारा तुकडा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालील मुलांसाठी धोक्याचा मानला जातो. टिंब त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे टिंब थोडा मोठा करून खाली ओढावा आणि शिरोरेखेला चिकटवून टाकावा. वाचताना काही बिघडत नाही. तेच चंद्रबिंदूचं.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. कटिंग मशीनची काही सॉफ्टवेअर वेलांटी आणि जोडाक्षरं नीट जोडत नाहीत, ‘प्रि’चे तीन तुकडे करून ठेवतात. अशा वेळी इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहावं, त्याचं ‘पाथ’मध्ये रूपांतर करावं आणि ‘युनियन’ करून सगळे आकार एकजीव करावेत. युनियन केलं नाही तर मशीन शिरोरेखेच्या आत प्रत्येक अक्षराची वेगळी रेघ कापतं आणि एकसंध नावाचा फायदाच जातो. फॉन्ट जाड आणि गोलसर हवा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘बालू’ मोफत मिळतो आणि या कामाला अगदी योग्य आहे. कापण्याआधी नाव आरशात दिसतं तसं उलटं करायला विसरू नये, कारण पातं गोंदाच्या बाजूने चालतं.

इस्त्री: फिरवायची नाही, दाबायची

कपडा आधी एकदा धुवून वाळवावा. नव्या कपड्यावरची खळ निघते आणि आटायचा तेवढा आटतो. धुताना फॅब्रिक कंडिशनर मात्र नको, त्याचा थर गोंदाला धरू देत नाही. कपडा शंभर टक्के सुती असेल तर उत्तम. स्वस्त पॉलिस्टर उष्णतेने चकाकतं किंवा चुरगळतं.

बहुतेक पीयू व्हिनाइलला १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि १० ते १५ सेकंद दाब लागतो. नेमका आकडा पाकिटावर असतो आणि तोच पाळावा. घरच्या इस्त्रीवर दोन ठिपके म्हणजे साधारण १५० अंश, तीन ठिपके म्हणजे २०० च्या आसपास. पण इस्त्री सतत चालू-बंद होत असल्याने तापमान वरखाली होतं, म्हणून आधी जुन्या कपड्याच्या तुकड्यावर करून पाहावं. कोळशाच्या इस्त्रीवर हा प्रयोग नको, तिथे तापमानाचा अंदाज लागत नाही.

वाफ पूर्ण बंद ठेवावी. इस्त्रीचं मऊ बोर्ड दाब खाऊन टाकतं, त्याऐवजी टेबलावर घडी केलेली सुती चादर घ्यावी. वर बटर पेपर ठेवून जोर देऊन दाबायचं, उचलायचं, पुढच्या भागावर ठेवायचं. इस्त्री सरकवली की नाव तिरकं होतं. वाफेच्या भोकांखाली उष्णता कमी पोचते, म्हणून दुसऱ्यांदा दाबताना इस्त्रीची जागा थोडी बदलावी. शेवटी कपडा उलटा करून मागूनही दाब द्यावा.

नाव कुठे लावू नये?

लाळेऱ्यावर नको. ते बाळ दिवसभर चोखतं, तिथे भरतकामच चांगलं. गळ्याच्या अगदी जवळही नको. झबल्याचा गळा डोक्यातून जाताना ताणला जातो, तिथलं व्हिनाइल तडकतं किंवा गळाच ताणू देत नाही. तीन-चार सेंटीमीटर खाली, छातीच्या मधोमध ही जागा ठीक. बाळ पालथं पडू लागलं की पुढचं मोठं चित्र त्याच्या पोटाखाली येतं, हेही लक्षात असू द्यावं. व्हिनाइलमधून हवा जात नाही, म्हणून छातीभर भरीव चित्र लावलं तर त्यामागे घाम साचतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. नुसतं नाव किंवा बाह्यरेषा पुरे.

आणि फोटो टाकण्याआधी एक विचार: पूर्ण नाव, जन्मतारीख आणि हॉस्पिटल असं सगळं एकाच झबल्यावर छापून पब्लिक पोस्ट केलं की बाळाची माहिती अनोळखी माणसांच्या हातात जाते. टोपणनाव पुरतं.

धुतल्यावर

चिकटवल्यानंतर पहिले २४ तास कपडा धुवू नये. त्यानंतर गार पाण्यात, उलटा करून धुवावा. उकळत्या पाण्यात बुडवायचे कपडे, म्हणजे दुपटी आणि लंगोट, या प्रयोगातून वगळलेलेच बरे. बाळाला घालण्याआधी दोन-तीन वेळा धुवून प्रत्येक कडेवरून नख फिरवून पाहावं. कड उचलली गेली तर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाब द्यावा. तरीही सुटत असेल तर तो कपडा आठवण म्हणून कपाटात ठेवावा, बाळाच्या अंगावर नाही. चिकटलेलं नाव काढण्यासाठी थिनरसारखी रसायनंही वापरू नयेत. म्हणूनच पुढे धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या बाळाला द्यायचं झबलं असेल, तर त्यावर नावाऐवजी महिन्याचा आकडा लावलेला बरा.