हलक्या पाठीचा हिशेब

प्रवासवर्णन वाचताना आपण वाट, मुक्काम, भेटलेली माणसे आणि सोसलेले हाल यांकडे बारकाईने पाहतो. प्रवाशाच्या पाठीवर काय होते, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही आणि लेखकही त्याविषयी फारसे बोलत नाही. इतिहासाच्या वाचनातही हेच घडते. कोणती लढाई कोणी जिंकली हे आपल्याला पाठ असते, पण त्या लढाईचे धान्य कोणी वाहिले हे आपण विचारत नाही. ओझे ही साहित्याने आणि इतिहासाने सारखीच दुर्लक्षिलेली गोष्ट आहे, असे आम्हांस वाटते.

हा विचार सुचला तो एका व्यावहारिक अडचणीतून. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की एप्रिलमध्ये नाणेघाटापासून लोणावळ्यापर्यंत सह्याद्रीच्या माथ्याने आठ-नऊ दिवस चालत जावे, असा आम्हां चौघांचा बेत होता. तयारीसाठी आम्ही तारोडीला, आमच्यापैकी एकाच्या घरी जमलो. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असले तरी उत्तन-डोंगरीच्या शेजारचे हे गाव अजून गावासारखे वाटते. घराच्या ओट्यावर आम्ही सारे सामान मांडले आणि मासे तोलण्याचा स्प्रिंगचा लोंबता काटा शेजारून मागून आणला. पहिलीच सॅक भरली सोळा किलो. पन्नाशीकडे झुकलेल्या गुडघ्यांना एवढे वजन झेपणार नव्हते. मग काय टाकावे यावर वाद सुरू झाला, आणि तो वाद बघता बघता इतिहासात शिरला.

तसे होणे त्या जागी स्वाभाविकच होते. तारोडी ज्या धारावी बेटावर आहे, त्या बेटासाठी 1737 ते 1739 या वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. खाडीपलीकडे वसईचा किल्ला, आणि त्याच्या मागे प्राचीन सोपारा. या किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी ज्या घाटाने जुन्नरकडे चढत असे, त्याच नाणेघाटापासून आमची चाल सुरू व्हायची होती. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांमध्ये दिलेल्या दक्षिणेची, म्हणजे गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणे यांची भली मोठी यादी त्यात कोरली आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. दिलेल्याचा आणि घेतलेल्याचा हिशेब असा दगडात राहिला. ज्यांच्या पाठीवरून हा सारा माल घाट चढून आला, त्या बैलांचा आणि माणसांचा हिशेब कोणी कोरला नाही. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो 1830 साली. तोपर्यंत घाट चढणारा बहुतेक माल कोणाच्या ना कोणाच्या पाठीवरूनच वर येई.

मात्र त्या वाटेवर एक गोष्ट कोरलेली सापडते: पाण्याची टाकी. नाणेघाटात ती आहेत, जीवधनावर आहेत आणि सह्याद्रीच्या बहुतेक गडांवर आहेत. आजचा भटक्या तंबू न घेता लेण्यात किंवा देवळात झोपतो, टाक्याचे पाणी पितो आणि आपली पाठ हलकी असल्याचा अभिमान बाळगतो. त्या हलकेपणाची मजुरी कोणा पाथरवटाने कितीतरी शतकांपूर्वीच केलेली असते.

कमी सामानात चालण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. धनगराच्या घोंगडीचेच पाहावे. ती अंथरूण होते, पांघरूण होते, बसकण होते आणि पावसात डोक्यावर खोळ करून घेतली की छत्रीही होते. भिजली तरी लोकर काही ऊब राखतेच. वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी अर्धी पुढे आणि अर्धी मागे लोंबते, म्हणून तिचा तोल आपोआप सांभाळला जातो. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती प्रवासात टिकते आणि सोवळ्यालाही चालते. एका वस्तूने तीन-चार कामे करावीत, वजनाचा तोल शरीराच्या जवळ राहावा आणि अन्न शिजवावे न लागता टिकावे, हे तिन्ही नियम आपल्या आज्या-पणज्या तत्त्वज्ञान न सांगता पाळत होत्या.

पाश्चात्त्य देशांत याच नियमांची पुढे चळवळ झाली. 1955 साली एमा गेटवुड नावाची 67 वर्षांची अमेरिकन आजी अ‍ॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब डोंगरवाट एकटीने चालून गेली. तिच्या खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी होती, पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. पुढे 1992 मध्ये रे जार्डिन यांनी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या प्रवाशांसाठी पुस्तक लिहिले आणि कमी वजनाचा विचार पद्धतशीर मांडला. अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकीचे सामान दहा पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार किलोंच्या आत बसवावे, असा दंडक त्यानंतर रूढ झाला. आज त्या दंडकावर एक मोठी बाजारपेठ उभी आहे. तिथे वजन जितके कमी, तितकी किंमत जास्त. गेटवुडबाईंचा हलकेपणा मात्र विकत घेतलेला नव्हता. वाटेवरच्या अनोळखी माणसांनी दिलेले जेवण आणि रात्रीचा आसरा हा त्या हलकेपणाचा मोठा भाग होता.

इथे आमचा वाद खऱ्या अर्थाने पेटला. आमच्यातला एक जण म्हणाला, "मग आपणही शिधा कमी करू. वाटेवर आहुपे आहे, भीमाशंकर आहे. वाडीवस्तीवर भाकरी मिळतेच." सूचना सोयीची होती आणि परंपरेला धरूनही होती. नर्मदेची परिक्रमा करणारा सदावर्तावर आणि भिक्षेवरच चालतो. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'चा आधार तोच आहे. पण परिक्रमावासी आणि आम्ही यांत एक फरक होता. त्याला अन्न देणारा त्यात आपले पुण्य पाहतो आणि घेणाराही स्वतःला याचक समजतो. आम्ही घेणार होतो ते पाठ हलकी राहावी म्हणून.

हा फरक लहान नाही. त्याचा सर्वांत नेमका विचार एका लष्करी पत्रात सापडतो. 1674 च्या राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र मराठी गद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. धान्य आणि वैरण यांचा साठा आताच उधळला तर पावसाळ्यात घोडी मरतील; मग लोक कुणब्यांच्या घरांत शिरून दाणे, भाकरी, भाजी, लाकूडफाटा नेऊ लागतील; आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा त्या पत्राचा आशय आहे. हवे ते बाजारातून विकत आणावे, रयतेवर जुलूम करू नये, अशी ताकीद त्यात आहे. मराठ्यांच्या फौजेची चपळाई आपण नेहमी गौरवाने सांगतो. त्या चपळाईची किंमत कुणब्याच्या कणगीतून वसूल होऊ शकते, हे ती फौज उभी करणाऱ्यानेच ओळखले होते.

पुढच्या शतकात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसल्या. 1728 साली पहिल्या बाजीरावाने तोफा आणि जड सामान मागे ठेवून केवळ घोडदळाच्या वेगावर निजामाला दमवले आणि पालखेडला कोंडले. मुंगी-शेवगावचा तह त्यातून झाला. ते यश निर्विवाद आहे. मात्र बरोबर रसद नसलेल्या फौजेची घोडी कोणाच्या तरी शेतात चरली असणारच, हा भाग आपल्या वर्णनांतून गळतो. उलट बाजूस 1760 ची उत्तरेची मोहीम. जड तोफखाना, कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांच्यासह निघालेले ते लष्कर पानिपतावर अडकले, रसद तुटली आणि 14 जानेवारी 1761 च्या आधीच उपासमारीने खचले. 'बुणगे' हा शब्द आपण तेव्हापासून तुच्छतेनेच वापरतो. तरी त्या बुणग्यांमध्ये दाणेवाले, मोतद्दार, हमाल आणि स्वयंपाकीही असत. इतरांची पाठ मोकळी ठेवणाऱ्या माणसांनाच आपण ओझे म्हटले.

गिर्यारोहणाच्या इतिहासातही वेगळे काही नाही. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमपात कोसळून सात भारवाहक मेले. चढाई करणाऱ्यांची नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आली. त्या सातांची नावे शोधूनच वाचावी लागतात. घरचे उदाहरण द्यायचे तर पन्हाळ्याहून विशाळगडाकडे झालेल्या 1660 च्या कूचाचे देता येईल. ती वाट आज शेकडो मुले पावसाळ्यात हौसेने चालतात. महाराज त्या रात्री पालखीतून निघाले, असे परंपरा सांगते. शिवा काशीद आणि बाजीप्रभू आपल्याला ठाऊक आहेत, आणि ते योग्यच आहे. चिखलातून आणि जंगलातून रात्रभर ती पालखी धावत नेणाऱ्या भोयांचे खांदे मात्र आपल्या कोणत्या कवितेत आले, हे आम्हांला आठवत नाही.

याचा अर्थ ओझे ही केवळ टाळण्याची किंवा दुसऱ्यावर ढकलण्याची गोष्ट आहे, असा नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' या दृष्टीने पुन्हा वाचावा. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे चालत निघाला आणि थेट बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळवलेले द्रव्य एकदा नव्हे, अनेकदा लुटले गेले. प्रवाशाची पाठ इतकी हलकी करणारे दुसरे काही नसेल. पण घरी परतताना या माणसाने काय आणले? गंगेची कावड. पैका राहिला नाही तरी आईवडिलांना गंगेचे स्नान घालण्यासाठी पाणी आणले. व्यवहाराच्या दृष्टीने प्रवासात पाण्याइतकी जड आणि निरुपयोगी भेट नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटकसर करता येत नाही. 1907 साली चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केल्यापासून आपण ते बंडाची हकीकत म्हणून वाचतो. ती एका ओझ्याचीही हकीकत आहे.

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मुंगी घाटातून कावडी चढवतात, तिथेही हेच दिसते. सरळ अंगावर येणाऱ्या कड्यावर माणसांची साखळी करून भलीमोठी कावड हातोहात वर नेली जाते. पाण्याला सोपी वाट नाही असे नव्हे. आपला भार आपणच उचलावा आणि सगळ्यांनी मिळून उचलावा, एवढेच त्या चढाईला सांगायचे असते.

तारोडीच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत आमचा निवाडा झाला. तंबू गेला, कारण देवळे आणि लेणी होती. चौघांत एकच टोप आणि एकच स्टोव्ह राहिला. जास्तीचे कपडे, दुसरे बूट, दोन जाड पुस्तके आणि एक कॅमेरा बाजूला झाला. स्लीपिंग बॅगऐवजी प्रत्येकी एक घोंगडी आली. ती फार हलकी नव्हती, पण तिने कॅरीमॅट आणि रेनकोट या दोघांना रजा दिली. काटा नऊ किलोंवर थांबला आणि आम्ही खूश झालो.

तेवढ्यात घरातल्या मावशी चहा घेऊन आल्या. सामानाकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, "पाणी किती नेणार?" माणशी एक लिटर, असे आम्ही सांगितले, उरलेले वाडीवस्तीवर मिळेल. "एप्रिलात?" त्या म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या.

त्या एका शब्दाने आमचा सारा हिशेब मोडला. घाटमाथ्यावरच्या वाड्यांत एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात आणि बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावरून पाणी आणतात, हे आम्ही पूर्वीच्या भटकंतीत डोळ्यांनी पाहिले होते. दारात आलेल्या पाहुण्याला त्यांपैकी एकही बाई पाणी नाकारत नाही. आमच्या पाठीवरून कमी केलेले तीन किलो तिच्या डोक्यावर जाणार होते, आणि तिच्या वजनाचा काटा कोणी मागून आणणार नव्हते.

मग प्रत्येक सॅकमध्ये पाण्यासाठी आणखी तीन लिटरच्या बाटल्या गेल्या आणि आठ दिवसांचा शिधाही पुरता गेला. जिथे बारमाही टाके आहे तिथेच त्या भरायच्या आणि वाडीत पाणी मागायचे नाही, असे ठरले. त्यासाठी मुक्कामांची आखणी नव्याने करावी लागली आणि चालीचा एक दिवस वाढला. पाण्याने भरलेली सॅक पुन्हा काट्याला लावली, तेव्हा ती सोळा किलोंना थोडीच कमी भरली. या वेळी त्याविषयी कोणी तक्रार केली नाही.