दहावी इंग्रजी : मित्राला पत्र लिहिताय की अर्ज? पत्रात आपुलकी कशी आणायची, जाणून घ्या

दहावीच्या इंग्रजीच्या ८० गुणांच्या पेपरात पत्रलेखनाला ५ गुण असतात. औपचारिक आणि अनौपचारिक, यातलं एकच पत्र लिहायचं असतं. मित्राला किंवा घरच्यांना पत्र सोपं म्हणून अनेक मुलं तेच निवडतात, पण लिहिताना भाषा मात्र रजेच्या अर्जाची येते. पत्ता, तारीख, मांडणी सगळं बरोबर असूनही पत्र कोरडं वाटतं. पास-नापास जिथं दोन-चार गुणांवर ठरतं, तिथं हे ५ गुण सोडून चालत नाही.

अडचण नेमकी कुठं येते?

मराठीत 'तू कसा आहेस' आणि 'तुम्ही कसे आहात' एवढ्यावरूनच नातं कळतं. इंग्रजीत मित्रालाही 'यू' आणि मुख्याध्यापकांनाही 'यू'. त्यामुळे जवळीक दाखवायची ती मायना, पहिली ओळ, मधली वाक्यं आणि शेवट यांतूनच.

मायना आणि पहिली ओळ

- 'डिअर' लिहून पुढे थेट नाव लिहा. 'रिस्पेक्टेड सर' किंवा 'डिअर सर' इथं चालत नाही. नुसतं 'डिअर फ्रेंड' लिहिण्यापेक्षा नाव बरं.
- काका, मामा यांना 'डिअर अंकल' पुरेसं आहे.
- 'मी इकडे खुशाल आहे, तूही खुशाल असशील' याचं शब्दशः इंग्रजी करू नका. त्याऐवजी समोरच्याच्या एखाद्या गोष्टीची चौकशी करा. उदा. 'हाऊ वॉज युअर मॅच?' किंवा 'इज आजी फीलिंग बेटर नाऊ?'

मधला मजकूर

एकच बातमी दोन प्रकारे वाचून बघा :

अर्जासारखी : 'आय वुड लाईक टू इन्फॉर्म यू दॅट आय हॅव सिक्युअर्ड द फर्स्ट प्राईझ.'

मित्राला सांगितल्यासारखी : 'गेस व्हॉट! आय वन द फर्स्ट प्राईझ!'

दुसरं वाक्य लहान आहे, चुका व्हायची भीतीही कमी. आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

- 'डू नॉट' ऐवजी 'डोन्ट', 'आय विल' ऐवजी 'आयल' अशी जोडरूपं वापरा. औपचारिक पत्रात मात्र पूर्ण रूपंच लिहा.
- मध्ये एखादा प्रश्न विचारा किंवा दोघांची एखादी आठवण काढा : 'रिमेंबर अवर ट्रिप टू रायगड?'
- सल्ला द्यायचा असेल तर हुकूम सोडू नका. 'यू मस्ट स्टॉप युझिंग द मोबाईल' यापेक्षा 'व्हाय डोन्ट यू कीप युअर मोबाईल अवे फॉर अ व्हाईल?' हे मित्राचं बोलणं वाटतं.
- प्रसंग ओळखा. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर 'गेस व्हॉट' आणि उद्गारचिन्हं नकोत. 'आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाऊट...' अशी सुरुवात करा.

शेवट

'थँकिंग यू' आणि 'युअर्स फेथफुली' हे औपचारिक पत्राचे शब्द. इथं 'राईट सून' किंवा 'कान्ट वेट टू सी यू' लिहा. घरच्या मोठ्यांना नमस्कार कळवायचा असेल तर 'गिव्ह माय रिगार्ड्स टू अंकल अँड आंटी'. खाली 'युअर लव्हिंग फ्रेंड' आणि नाव. नाव प्रश्नात दिलेलंच वापरा. उत्तरपत्रिकेत स्वतःचं किंवा शाळेचं नाव लिहू नका.

आपुलकी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप नव्हे

'यू' एका अक्षरात लिहिणं, 'प्लीज'चे तीन अक्षरांत तुकडे करणं, हसरे चेहरे काढणं हे पेपरात चालणार नाही. स्पेलिंग पूर्ण हवं, परिच्छेद वेगळे हवेत आणि प्रश्नात दिलेले मुद्दे सगळे यायला हवेत. गप्पांच्या नादात मुद्दा सुटला तर त्याचे गुण जातात.

पुढंही उपयोग

हा सराव दहावीपुरता नाही. परदेशात कामासाठी जाणारे अनेक जण आयईएलटीएसची 'जनरल ट्रेनिंग' परीक्षा देतात. तिथं लेखनाचा पहिलाच प्रश्न किमान १५० शब्दांच्या पत्राचा असतो. तिथंही पत्र कुणाला आहे, हे ओळखूनच भाषा निवडावी लागते.

पालकांनो, तुम्हीही तपासू शकता

इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. मुलानं लिहिलेलं पत्र त्याला मराठीत सांगायला लावा. ऐकताना मित्राशी बोलल्यासारखं वाटलं तर पत्र जमलं. ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जासारखं वाटलं तर पहिली ओळ आणि शेवट बदलून पुन्हा लिहायला सांगा. आठवड्याला एक पत्र, कधी मित्राला, कधी मामाला, कधी बहिणीला, असा सराव ठेवला तर परीक्षेपर्यंत हात बसतो.