गळक्या रक्तवाहिन्या आणि एक सुई
मागच्या व्याख्यानात आपण 1989 पाशी थांबलो होतो. नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं काढलं, ते साल. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं हे प्रथिन. उतारवयात काहींच्या डोळ्यात, दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली अशा वाहिन्या फुटतात, गळतात, आणि समोरच्याचा चेहराच दिसेनासा होतो. 2005 मध्ये मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कॅन्सरवरचं बेव्हॅसिझुमॅब थेट डोळ्यात टोचलं. गळती ओसरली! पण वाहिन्या पुसल्या जात नाहीत हं. औषध उतरलं की बहुतेकदा पुन्हा गळतात, म्हणून सुयाही पुन्हा पुन्हा. शिवाय हेच प्रथिन निरोगी वाहिन्यांनाही जपतं. उपचारानंतर दृष्टिपटलातल्या बारीक धमन्या किंचित अरुंद झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं. तरी सुई टाळून नजर गमावण्याचा धोका आम्हाला मोठा वाटतो.