गहू, ऊन आणि थंडी

थंडी चांगली पडली की गहू साधतो, हे निफाडकडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण ही थंडी गव्हाला नेमके काय देते, आणि उन्हाचा त्यात वाटा कोणता, हे कळावयास फार काळ लागला.

१७३५ साली पॅरिसच्या रेओम्यूर यांनी एप्रिल ते जून या महिन्यांतील रोजच्या उष्णतामानाची बेरीज मांडली. ही बेरीज पुरी झाली म्हणजे पीक पक्व होते, हा त्यांचा विचार. त्यांचा उष्णतामापक आज अडगळीत गेला, बेरीज टिकली. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड यांनी तंबाखूवरील प्रयोगांतून दाखविले, की वनस्पती दिवसाची लांबीही ओळखते. गहू दिवस मोठे होऊ लागले की फुलणारा. म्हणून उत्तरेकडे मुरलेले वाण दक्षिणेत आणले, की ते ओंबी धरावयास विलंब लावी.

ही अडचण सुटली ती एका घाईतून. १९४५ साली मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग तांबेऱ्याशी झगडत होते. नवे वाण तयार व्हावयास दहा वर्षे लागत. ती निम्मी करावीत म्हणून त्यांनी वर्षातून दोन पिके घेण्याचे ठरविले. नोव्हेंबरात याकी खोऱ्यात, समुद्रसपाटीलगत, दिवस लहान होत असताना पेरावयाचे. तेथले बी उचलून मे महिन्यात हजाराहून अधिक किलोमीटर दूर, २,६०० मीटर उंचीवरच्या तोलुका येथे, दिवस वाढत असताना पेरावयाचे. कापणीनंतर बियाण्याला विसावा हवा, अशी तेव्हाची समजूत! वरिष्ठ हॅरर यांनी विरोध केला. गोष्ट राजीनाम्यापर्यंत गेली. बोरलॉग हटले नाहीत. दोन्ही ठिकाणी जी रोपे तगली तीच पुढे गेली, आणि दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारा गहू हाती आला. हे त्यांनी योजिले नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यामुळेच हा गहू हिंदुस्थानात रुजू शकला. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले. १९६४-६५ सालचे सुमारे १२३ लाख टनांचे उत्पादन १९६७-६८ साली सुमारे १६५ लाख टनांवर गेले.

परंतु दिवसाचे बंधन सुटले तरी उष्णतेचे सुटले नाही. त्याच याकी खोऱ्यातील प्रयोगांवरून आर. ए. फिशर यांनी १९८५ साली दाखविले, की फुलोऱ्याच्या आधीच्या सुमारे तीस दिवसांत ऊन भरपूर आणि हवा गार असेल, तर ओंबीत दाणे अधिक धरतात. ऊन अन्न तयार करते. गारवा ते वापरावयास सवड देतो. ढगाळ व उबदार दिवस आले, तर रेओम्यूरची बेरीज लवकर पुरी होते आणि पोटरीतल्या पिकाची उपासमार होते. पुढे दाण्यात चीक भरतानाही हेच. तेव्हा १५ ते २० अंश सेल्सियस मानवते; पारा ३० च्या वर गेला की पाने लवकर पिवळी पडतात, भरण्याचे दिवस घटतात आणि दाणा चिमतो. आपल्याकडे हिवाळाच आखूड, म्हणून वेळेवरच्या पेरणीसाठी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा आग्रह धरतात.

२०२२ च्या मार्चमध्ये हे पंजाब-हरियाणानेही अनुभवले. १९०१ पासूनच्या नोंदींतील देशाचा तो सर्वांत उष्ण मार्च होता. ओंब्या आल्या होत्या, पाणी होते, ऊनही होते. दाणा भरावयास दिवस पुरले नाहीत. उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला, बाजारात भाव चढले, आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबविली.