अटकेस गेलेला पूर्वज

मांजरीसारख्या मुळा-मुठेकांठच्या गांवीं कुळाची हकीकत पुसूं लागलों, कीं ‘आमचे पूर्वज अटकेस गेले होते’ हें वाक्य आम्हांस हटकून ऐकावयास मिळतें. १७५८ च्या एप्रिलांत मराठे लाहोरांत शिरले. राघोबादादा तेथूनच परतले. अटकेपर्यंत गेले ते तुकोजी होळकर व साबाजी शिंदे यांचे स्वार. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरांत सरदार सांपडतो, साधा स्वार क्वचितच. त्याचा माग त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत काढावा. तेथें यात्रेकरूंनीं सांगितलेलीं बाप, आजा व गांव यांचीं नांवें असतात. तेथें नांव मिळालें आणि अटक न मिळाली, तरी आम्ही खेद मानूं नये. पदरचा पराक्रम घालून सजविलेल्या वंशावळींत आपला खरा पूर्वजच हरवतो.